अवधान आणि व्यवधान

मुले पवित्र शास्त्र वाचीत नाहीत, वाचायला बसलीच तर त्यांचे चित्त जागेवर राहत नाही, ही तक्रार आज बहुतेक ख्रिस्ती घरांतून ऐकू येते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मूल प्रश्नोत्तरे पाठ करते, पहिल्या कम्युनियनच्या आधी सर्व प्रार्थना न अडखळता म्हणून दाखवते. पण घरी बायबल उघडून दहा मिनिटे स्वस्थ बसायला सांगितले, की त्याला तहान लागते, पायाला खाज सुटते, उद्याचा गृहपाठ आठवतो. या तक्रारीत आम्हीही वर्षानुवर्षे आपला सूर मिसळीत आलो आहोत. अपराधी कोण, हेही आम्ही ठरवून मोकळे झालो होतो. पूर्वी तो दूरदर्शन संच होता, आता मोबाइल आहे. तो बाजूला केला की मूल आपोआप प्रभूच्या वचनाकडे वळेल, अशी आमची समजूत होती. पवनानगर येथे काढलेल्या दोन रात्रींनी ती समजूत मोडली. ती का मोडली आणि तिच्या जागी काय आले, ते वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या धर्मग्रामातील सहा कुटुंबांनी पावसाळा सरल्यावर मुलांना घेऊन कोठेतरी एकत्र राहावे आणि पवित्र शास्त्राचे वाचन करावे, असे ठरवले. पवनानगर जवळचे. कामशेतहून आत जाणारा रस्ता मावळातली भातखाचरे ओलांडीत पवना धरणाशी पोचतो. भोवती तुंग, तिकोना, लोहगड हे किल्ले. या धरणाचे पाणी पुढे पिंपरी-चिंचवडला मिळते. म्हणजे आम्ही घरी जे पाणी पितो, ते येथलेच. शहराच्या गोंगाटापासून दूर म्हणून आम्ही ही जागा निवडली आणि काठावरचे एक घर भाड्याने घेतले. शनिवार-रविवारी शहर आमच्या आधीच तेथे पोचलेले असते, हे मात्र ध्यानात आले नव्हते. धरणाच्या काठाने आता तंबूंच्या रांगा लागतात आणि रात्री ध्वनिवर्धकावरची गाणी पाण्यावरून दूरवर ऐकू येतात.

शुक्रवारी सायंकाळी पोचताच आम्ही पहिले काम केले ते मुलांचे मोबाइल एका डब्यात गोळा करण्याचे. झाकण लावून डबा फडताळात ठेवला. मोठ्यांचे मोबाइल खिशातच राहिले. कोणाला कामावरून फोन यायचा होता, कोणाची आई घरी एकटी होती. मग गोल बसून लूककृत शुभवर्तमानातील पेरणाऱ्याचा दाखला वाचायला घेतला. आठ ते तेरा वर्षांची नऊ मुले. प्रत्येकाने आळीपाळीने एकेक वचन वाचायचे. बाहेर त्या दिवशी बरीच शांतता होती, तरीही वाचन फसले. प्रत्येक मूल आपल्या वाट्याला कितव्या क्रमांकाचे वचन येणार ते मोजून ठेवीत होते, मनातल्या मनात ते घोकीत होते आणि आपले वाचून झाले की सुटकेचा नि:श्वास टाकीत होते. दुसऱ्याचे कोणी ऐकतच नव्हते. खडकावर पडलेल्या बियांचे पुढे काय झाले, असे विचारले, तर ज्याने ते वचन वाचले होते त्यालाही सांगता येईना. तेवढ्यात आमच्यापैकी एकाच्या खिशात फोन थरथरला, तो उठून बाहेर गेला आणि नऊच्या नऊ मुलांच्या माना दाराकडे वळल्या.

त्या रात्री मुले निजल्यावर आम्ही बराच वेळ बोलत बसलो. आमच्यात एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या लहानपणी कुठं होती शांतता? एका घरात तेरा माणसं. पाळण्यातलं पोर रडतंय, चुलीवर भात उतू जातोय, आणि त्यातच जपमाळ चाललेली. पण सगळं घर जपमाळ म्हणत होतं. एकानं म्हणायची आणि बाकीच्यांनी दुसरं काही करायचं, असं नव्हतं." या बोलण्याने आम्ही विचारात पडलो. आवाज म्हणजेच व्यवधान नव्हे. रडणारे मूल, उतू जाणारा भात हे आवाज घराचेच होते. ते प्रार्थनेला बाहेरून फोडीत नव्हते. आमच्या खिशातला तो बारीकसा थरथराट मात्र नऊ मुलांचे मन एका क्षणात पळवून घेऊन गेला.

मराठीत अवधान आणि व्यवधान हे दोन शब्द एकाच 'धा' धातूपासून आले आहेत. अवधान म्हणजे मन एका ठिकाणी ठेवणे. व्यवधान म्हणजे मध्ये आलेला पडदा. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे प्रथम अवधानच मागतात. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये जे जे येते ते व्यवधान, असा अर्थ घेतला तर ते मुलांच्या हातातल्या यंत्रातच असेल असे नाही. ते आम्हीही मध्ये आणून ठेवलेले असू शकते.

वचनांच्या आकड्यांचेच पाहा. ते पवित्र लेखकांनी घातलेले नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभीची, इंग्लंडचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांच्या नावे सांगितली जाणारी. नव्या करारातील वचनांचे आज रूढ असलेले क्रमांक रॉबेर एस्तियेन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली छापले. अभ्यासकाला आणि प्रवचनकाराला त्यांचा उपयोग मोठा आहे. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण प्रभू येशूने पेरणाऱ्याची गोष्ट जमलेल्या लोकांना तोंडाने सांगितली आणि त्यांनी ती कानांनी ऐकली. आम्ही तीच गोष्ट मुलांना तुकड्यातुकड्यांनी वाटून दिली आणि मग गोष्ट कोणालाच मिळाली नाही म्हणून त्यांना रागावलो.

आपल्या पूर्वसूरींनी असे अनेक पडदे दूर केलेले आहेत. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे प्रथम छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. पुराणे ओवीतून ऐकण्याची ज्यांच्या कानांना सवय होती, त्यांना तारणाचा इतिहासही ओवीतूनच ऐकू यावा, अशी त्यामागची दृष्टी होती. चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे तो मोठ्याने वाचला जाई. पुढे आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद केला. संस्कृत ज्यांच्या जिभेवर खेळत होते अशा या विदुषीने पंडिती भाषा बाजूला ठेवली आणि खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असे मराठी निवडले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. आमच्या पिढीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी २०१० साली 'सुबोध बायबल' वाचकांच्या हाती दिले. २०२४ साली ते आपल्यातून गेले. या तिघांचे काळ वेगळे, पंथ आणि परंपराही वेगळ्या. पण लोक ऐकत नाहीत म्हणून लोकांना दोष देण्याआधी, लोक आणि वचन यांच्यामध्ये काय आडवे आले आहे, हे तिघांनीही पाहिले.

शनिवारी सकाळी आम्ही मुलांना बेडसे येथील लेणी पाहायला नेले. कामशेत-पवनानगर रस्त्यापासून थोडे आत, पायऱ्या चढून गेले की डोंगराच्या पोटात कोरलेले चैत्यगृह आणि विहार लागतात. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे बौद्ध भिक्षूंचे निवासस्थान. विहारातल्या लहान लहान खोल्या पाहून एका मुलाने विचारले, "एवढ्या लांब येऊन का राहत होते?" आम्ही त्याला सांगितले, की तेव्हा ही जागा फारशी आडबाजूची नव्हती. कोकणातल्या बंदरांतून घाट चढून वर येणारा व्यापारी मार्ग याच मुलखातून जात होता. कार्ले, भाजे आणि बेडसे ही लेणी त्या मार्गाच्या आसपासच आहेत, आणि अशा लेण्यांना व्यापाऱ्यांनी दाने दिलेली आहेत. भिक्षू जगापासून पळाले नव्हते. वाहत्या रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर त्यांनी शांततेसाठी दगडात खोली कोरली होती. हाकेच्या अंतरावर, हे शब्द आम्ही सहज बोलून गेलो. त्यांचा अर्थ रात्री कळायचा होता.

दुपारी एका आईने शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाची गोष्ट कोऱ्या कागदांवर मोठ्या अक्षरांत उतरून काढली. आकडे नाहीत, तळटिपा नाहीत, चित्रे नाहीत. संध्याकाळी मोबाइलचा डबा पुन्हा आणला आणि या वेळी त्यात मोठ्यांचेही मोबाइल गेले. ज्यांची आई घरी एकटी होती, त्यांनी आधी तिच्याशी बोलून घेतले. आजींनी वाचायचे आणि बाकी सर्वांनी नुसते ऐकायचे, असे ठरले.

त्या रात्री पलीकडच्या काठावर गाण्यांचा नुसता कल्लोळ होता, तरीही मुले ऐकत होती. मंदिरात निजलेला मुलगा, अजून न विझलेला दिवा, अंधारात आलेली हाक. मुलगा उठून म्हाताऱ्या एलीकडे धावतो. एली म्हणतो, मी बोलावले नाही, जा, नीज. असे तीनदा होते. तिसऱ्या वेळी एलीला उमगते, की हाक मारणारा कोण आहे. मग तो मुलाला जागेवर परत पाठवतो आणि पुन्हा हाक आली तर काय म्हणायचे ते शिकवतो. वाचन चालू असताना कोणाची मान वळली नाही. व्यवधान दूर झाले, असे आम्हाला वाटले आणि मनातून थोडा अभिमानही वाटला.

नेमके त्याच वेळी दारावर थाप पडली. घराची देखभाल करणारे मामा उंबऱ्याबाहेर उभे होते. "जरा गाडी..." एवढेच ते बोलले. आमच्यातल्या एकाने हात वर करून म्हटले, "मामा, पाच मिनिटं थांबा, वाचन चाललंय." मामा म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." आजींनी वाचन पुरे केले. मग थोडा वेळ मौन पाळले, प्रार्थना झाली. दाराकडे पाहिले तेव्हा मामा नव्हते. रात्री उशिरा कळले, की त्यांच्या पत्नीला सणसणून ताप भरला होता, अंग थरथरत होते. आमच्या दोन मोटारी अंगणात उभ्या असताना मामा तिला शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून कामशेतला डॉक्टरकडे घेऊन गेले होते.

देवाच्या दयेने सकाळी ती माउली घरी आली, ताप उतरला होता. आम्ही क्षमा मागायला गेलो, तर मामांच्या मनात राग नव्हता. "तुमचा देवाचा वेळ होता," ते म्हणाले. रागाने चार शब्द बोलले असते, तर आम्हाला ते सोसणे सोपे गेले असते. परतीच्या वाटेवर दहा वर्षांच्या एका मुलीने विचारले, "मामांनीपण तीनदा हाक मारायला हवी होती का?" गाडीत कोणीही उत्तर दिले नाही.

वाचकहो, त्या प्रश्नाने आमच्यापुढे दुसरा प्रश्न उभा केला आणि तोच या लेखाचा खरा विषय आहे. पवित्र शास्त्र वाचताना मुलांचे मन विचलित होऊ नये, हे आम्हाला हवे होते. पण मन विचलित न होणे हा स्वतःच एक सद्गुण आहे काय? चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील याजक आणि लेवी यांचे मन विचलित झाले नाही. वाटेत पडलेला माणूस त्यांनी पाहिला आणि ते आपल्या मार्गाने पुढे गेले. प्रवासात खंड पडू दिला तो शोमरोन्याने. आम्ही मुलांना केवळ एकाग्रता शिकवली, तर पवित्र शास्त्र हातात धरून ती त्या दोघांच्याच वाटेने जाणार नाहीत, अशी खात्री कोण देईल? त्या रात्री आम्ही स्वतः गेलोच होतो.

तर मग दार सदैव उघडे ठेवावे, कोणत्याही आवाजाने उठावे, वाचनाला वेळ राखूच नये, असे म्हणायचे काय? तसेही नाही. संत लूक याने शोमरोन्याच्या दाखल्याला लागूनच मार्था आणि मरिया यांची हकीकत दिली आहे. तेथे मार्था अनेक कामांत गुंतून कासावीस झाली आहे आणि प्रभू प्रशंसा करतो ती त्याच्या पायाशी बसून ऐकणाऱ्या मरियेची. एकीकडे थांबून उचलणारा शोमरोनी, दुसरीकडे स्वस्थ बसणारी मरिया. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत आणि एकीच्या नावाने दुसरी पुसता येत नाही. स्वस्थ बसून ऐकण्याची सवय ज्याला नाही, त्याला वाटेत कण्हणाऱ्याचा आवाज तरी कसा ऐकू येणार? आणि ज्याला तो ऐकू येत नाही, त्याने स्वस्थ बसून काय ऐकले?

सिमोन वेल (१९०९-१९४३) या फ्रेंच विदुषीने शालेय अभ्यासाविषयीच्या आपल्या एका निबंधात या दोहोंमधला दुवा दाखवला आहे. अवधान हेच प्रार्थनेचे सार, असे ती मानते. भूमितीचे उदाहरण सोडवताना मुलाच्या अंगी जे अवधान बाणते, ते उत्तर चुकले तरी वाया जात नाही, पुढे प्रार्थनेच्या कामी येते, असे तिचे म्हणणे. आणि त्याच निबंधाच्या शेवटाकडे ती दु:खिताकडे वळते. दु:खी माणसाला सर्वांत आधी हवे असते ते कोणाचे तरी अवधान, त्याला काय होत आहे हे विचारणारे कोणीतरी. देवाकडे लावायचे चित्त आणि शेजाऱ्याकडे लावायचे चित्त ही दोन चित्ते नाहीत. मामांच्या 'जरा गाडी' या दोन शब्दांनंतर आम्ही "काय झालं, मामा?" एवढेच विचारले असते, तरी पुरे होते. त्याला अर्धे मिनिटही लागले नसते.

फोनचा थरथराट आणि मामांची थाप, दोहोंनी वाचन मोडले. मग मुलाने त्यांतला भेद कसा ओळखावा? आमच्या अल्पमतीला सुचलेले उत्तर असे. फोनमधल्या बहुतेक सूचना तुम्हाला पुन्हा फोनकडे नेण्यासाठीच केलेल्या असतात. त्यांच्या मागे वाट पाहणारे कोणी नसते. हाकेमागे मात्र एक माणूस उभा असतो आणि त्याला आपली गरज असते. पण हा भेद नुसता ऐकून कळत नाही. शमुवेललाही तो कळला नाही. तीनदा तो चुकीच्या दिशेने धावला. तो शिकवायला कोणीतरी मोठे माणूस लागते. एलीची दृष्टी मंदावली होती, पोटच्या मुलांना त्याने आवरले नव्हते, हे पवित्र शास्त्र लपवीत नाही. तरी रात्रीतून तीनदा झोपमोड झाली असताना तो त्या मुलावर खेकसला नाही. "पाच मिनिटं थांब" असेही म्हणाला नाही. त्याने ऐकून घेतले, म्हणूनच त्याला हाक ओळखता आली.

संत ऑगस्टीन यांच्या जीवनातील प्रसंग आपल्याला परिचित आहे. ३८६ साली मिलान येथील बागेत ते अंतःकरणाच्या तळमळीने रडत असताना शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा आवाज आला. हा मुलांच्या कुठल्या खेळातला शब्द असेल काय, असे त्यांच्या मनात आले. त्याला गोंगाट म्हणून कान बंद करणे सोपे होते. त्यांनी ती हाक मानली, पवित्र शास्त्र उचलले आणि संत पौलाचे पत्र उघडले. एका मुलाच्या आवाजाने एका महापंडिताला वाचायला बसवले. आपल्या घरात मात्र मूल मध्येच प्रश्न विचारते तेव्हा आपण त्याला "आधी वाचून पुरं कर" म्हणून गप्प करतो. कित्येकदा मुलाचा तो प्रश्न हेच त्याचे वाचन असते.

पवनानगरहून परतल्यावर आमच्या घरांतून काही साध्या गोष्टी सुरू झाल्या आहेत. वाचन रोज दहा-पंधरा मिनिटांचेच, पण ठरल्या वेळी, ठरल्या जागी. मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि आधी वडीलधाऱ्यांचे. एका वेळी एकच गोष्ट, तीही अखंड. लहानांसाठी शक्य तेव्हा हाताने उतरलेली. मोठ्याने वाचणारा एक, ऐकणारे सगळे. वाचनाच्या वेळी स्वयंपाकघरात कोणी नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या 'देई व्हेर्बुम' या दस्तऐवजात पवित्र शास्त्राच्या वाचनाला प्रार्थनेची जोड असावी असे सांगितले आहे. म्हणून शेवटी थोडे मौन आणि प्रत्येकाचे एक वाक्य. मुलाने मध्ये प्रश्न विचारला तर थांबायचे. आणि दार लोटलेले असते, पण कडी लावलेली नसते. थाप पडली तर घरातला एक जण उठतो आणि काय झाले ते विचारतो. बाकीचे वाट पाहतात. मग पुढचे वाचन होते, किंवा त्या दिवशी होत नाही.

मुले आता नेहमी चित्त देऊन ऐकतात, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. कधी ऐकतात, कधी पाय हलवीत बसतात. परवा एका घरी वाचन चालू असताना शेजारच्या आजोबांनी हाक मारली. त्यांचा दिवा गेला होता. घरातली मोठी माणसे एकमेकांकडे पाहत होती, तोवर आठ वर्षांचा मुलगा उठून दाराशी गेलाही होता. वडिलांनी पुस्तकात खूण ठेवली आणि त्याच्या मागोमाग बाहेर पडले.